दोन बोटे लांब

मित्रांनो, मी एक जुने शिलाई मशीन आहे. पायाने चालवायचे, काळे कुळकुळीत, आणि मानेवर सोनेरी वेलबुट्टी काढलेले. ती वेल आता तुम्हाला शोधावी लागेल. इतक्या वर्षांत इतके हात माझ्या मानेवरून फिरले, की सोने हळूहळू त्यांच्याबरोबर निघून गेले. विजेवर चालणारी माझी धाकटी भावंडे बाजारात आल्यापासून लोक मला बघून विचारतात, हे अजून चालते का? मला या प्रश्नाचा राग येतो. चालते म्हणजे काय, चांगले पळते. जाड कापडाच्या चार घड्या आधी माझ्या सुईखाली घालून पाहा आणि मग माझ्या त्या नाजूक भावंडांच्या सुईखाली घाला. मग बोलू.

असो, आत्मस्तुती पुरे. मला माझी हकिकत सांगायची आहे, आणि तिच्यात माझ्यापेक्षा माझ्या मालकांचा भाग मोठा आहे. ते सैनिक होते. लढाईत त्यांचा एक पाय गेला आणि नंतर ते शिंपी झाले. आमच्या रस्त्यावर त्यांना सगळे 'फौजी' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, ते थंड झाले, मग कुणी घासले, कुणी भोके पाडली, कुणी चाक बसवले. शेवटी एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने जीभ ओठांच्या कोपऱ्यात दाबून माझ्या मानेवर वेल काढली. त्यानंतर तपासनीस आला. त्याने एका चिंधीवर माझ्याकडून टीप मारून घेतली, चिंधी उजेडात धरली आणि 'हं' म्हणाला. त्या माणसाच्या तोंडून 'हं' निघणे म्हणजे शाबासकीच होती, असे मागून कळले.

मला सैन्याचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात नेले. एका लांबलचक खोलीत आम्ही मशीन ओळीने उभी होतो आणि प्रत्येकापुढे एक बाई बसलेली असे. दिवसभर पँटी, शर्ट, कोट. मला त्या वेळी फार ऐट होती. एवढे सैनिक माझ्या टिपांवर चालतात, असे मला वाटे. मग लढाई सुरू झाली आणि काही दिवसांनी गणवेश उलटे येऊ लागले. फाटलेले, ठिगळ लावायला पाठवलेले. ते स्वच्छ धुतलेले असत, पण कापडाला सगळे माहीत असते. एरवी कामावर अखंड बडबड करणाऱ्या बायका त्या गठ्ठ्याला हात लावला की गप्प होत. माझ्यापुढे बसणारी बाई तर भोकावर ठिगळ ठेवण्याआधी तळहाताने कापड सारखे करी, जणू आत कुणी झोपलेले आहे. त्या दिवसांत माझी ऐट गेली. मला प्रथमच समजले की आपण ज्यांच्यासाठी शिवतो ते सगळे परत येत नाहीत.

लढाई संपल्यावर कारखान्यातली बरीच मशीन इकडे तिकडे पाठवली गेली. माझी रवानगी एका इस्पितळात झाली. मशीनला काय झाले आहे, म्हणून मी घाबरलेच होते. पण ते इस्पितळ जखमी सैनिकांचे होते, आणि तिथे एका मोठ्या दालनात त्यांना नवे काम शिकवत. कुणी खुर्च्या विणायला शिके, कुणी घड्याळे दुरुस्त करायला, कुणी छपाई. आमच्या कोपऱ्यात शिवण होते. शिकवणाऱ्या बाई उंच, सडपातळ आणि कडक होत्या. टीप वाकडी गेली की त्या एकच शब्द बोलत, "उसवा." समोर पदके लावलेला माणूस असो की कालच टाके काढलेला असो, शब्द तोच.

तिथेच फौजी माझ्यासमोर आले. वय तिशीच्या आसपास, कपाळावर आठी, आणि गुडघ्याच्या खाली लाकडी पाय. तो पाय नवा होता आणि दोघांचे अजून जमलेले नव्हते. पहिल्याच दिवशी त्यांनी हट्टाने लाकडी पाय माझ्या पायडलवर ठेवला. आता मला चालवायचे तर पाय जागा हवा. कधी दाबायचे आणि कधी सोडायचे हे तळव्याला कळले पाहिजे. लाकडी तळव्याला काय कळणार? माझे चाक उलटे फिरले, दोरा तुटला, खाली गुंता झाला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. शेवटी फौजींनी कापड फेकून दिले आणि म्हणाले की मी बंदूक चालवणारा माणूस आहे, ही बायकी कामे मला जमायची नाहीत. बाई म्हणाल्या, "कामं बायकी असती तर आतापर्यंत जमली असती. कापड उचला. आणि चांगला पाय ठेवा, तो काय शोभेला दिलाय?"

मग चांगला पाय पायडलवर आला आणि लाकडी पाय बाजूला विसावला. काही आठवड्यांतच आमची गट्टी जमली. फौजींचा हात मुळात स्थिर होता. एकदा माझा ताल त्यांना सापडल्यावर त्यांची टीप अशी पडू लागली, की बाईंनीसुद्धा एकदा कापड उजेडात धरून मान हलवली. कापणी चांगली, शिवण चांगले, काज तर फारच सुबक. मापे मात्र तिथे बाईच घेत आणि सगळ्यांना आखलेले कापड देत. ही गोष्ट त्या वेळी कुणाच्या ध्यानात आली नाही, माझ्याही नाही.

इस्पितळातून घरी जाताना ज्याला त्याला त्याचे अवजार भेट मिळे. फौजींबरोबर मी निघाले. स्टेशनवर त्यांची बायको न्यायला आली होती. तिने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग लाकडी पायाकडे, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "बरं झालं, दोघं एकदम आलात. घर फार शांत झालं होतं." मला ती तेव्हाच आवडली.

घराची पुढची खोली म्हणजे दुकान झाले. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी होती, तिच्याखाली मी. दारापाशी लाकडी काउंटर, त्याच्या मागे कापायचे टेबल. उद्घाटनाला सारा रस्ता लोटला. पाववाला आला, शाळेचे हेडमास्तर आले, न्हावी आला, आणि सगळ्यांनी हातात कापड आणले होते. आपल्या माणसाने देशासाठी पाय दिला, आता त्याच्या दुकानात काम कमी पडता कामा नये, असे त्यांनी आपसात ठरवले होते. फौजी आले की लोक उठून उभे राहत. त्यांच्या हातातले ओझे कुणीतरी काढून घेई. फौजींना हे सुरुवातीला अवघड वाटे, पण कामाचा ढीग पाहून त्यांच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा सैल झाली. रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले, की सगळे मान देतात म्हणून नव्हे, कापड देतात म्हणून बरे वाटते. मान तर पुतळ्यालाही मिळतो.

मित्रांनो, इथे माझ्या छळाला सुरुवात झाली. माझी खिडकी बुटकी आहे. तिच्यातून मला लोकांचे चेहरे क्वचित दिसतात, पाय मात्र सगळ्यांचे दिसतात. आणि मला जे दिसू लागले ते असे. पाववाला कोपऱ्यावरून येतो, आमच्या दुकानाच्या अलीकडे थांबतो, खाली वाकतो, आणि पँटीच्या दुमडलेल्या कडा उलगडतो. मग पँट जमिनीवर लोळवत दुकानासमोरून रुबाबात चालत जातो. पलीकडच्या दिव्याच्या खांबापाशी पोचला की पुन्हा वाकतो आणि पुन्हा दुमडतो. त्याच्या मागून न्हावी तेच करतो. हेडमास्तरांना वाकायला त्रास होई, ते पायरीवर पाय ठेवून दुमडत.

फौजींनी शिवलेली प्रत्येक पँट दोन बोटे लांब होती.

शिवण सुरेख, कमर चोख, खिसे नीट, आणि लांबी दोन बोटे जास्त. एखाद्याची नव्हे, सगळ्यांची. बाहेरून कुणी परका माणूस आमच्या रस्त्यावर आला असता तर त्याला वाटले असते, इथे पँटी दुमडून घालायची फॅशनच आहे. आणि एकानेही फौजींना सांगितले नाही. पँट घालून बघायला आले की गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडे उभे राही, श्वास आत ओढी, कमर बरगड्यांपर्यंत वर खेची आणि म्हणे, झकास. फौजींना कमरेच्या वरचाच माणूस दिसे, आणि तो हसतमुख असे. एकदा हेडमास्तरांना दुमड उलगडायची राहिली आणि फौजींनी ती पाहिली. त्यांनी विचारले तर हेडमास्तर म्हणाले, रस्त्यावर पाणी साचले आहे. बाहेर लख्ख ऊन होते. आयुष्यभर मुलांच्या थापा पकडणारा माणूस, पण स्वतःला थाप मारता येत नव्हती.

बायकोच्या लक्षात हे लवकरच आले. तिने पाववाल्याला माझ्या खिडकीखाली गाठले आणि सरळ विचारले. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "राहू द्या ना वहिनी. त्यांनी पाय दिला, आम्ही दोन बोटं दुमडू शकत नाही का?"

ती मागे वळली. डोळे पुसत आत आली. मला तिचे मन कळत होते. नवऱ्याच्या कपाळावरची आठी कशी मोडली हे तिने पाहिले होते, आणि ती पुन्हा पडावी असे तिला वाटत नव्हते. मला पाववाल्याचाही राग येत नव्हता. पण माझा जीव तीळतीळ तुटत होता. फौजी रोज माझ्यापुढे बसून मन लावून शिवत होते, आपण शिंपी झालो असे समजत होते, आणि सारा रस्ता मिळून ते शिंपी झाल्याचा खेळ खेळत होता. हे त्यांना कधीतरी कळणारच होते. तेव्हा काय होईल, या विचाराने माझा पट्टा ढिला पडे.

कळले ते एका बाईमुळे. पलीकडच्या गल्लीत एक म्हातारे जोडपे राहत असे. काका पोस्टमन होते, निवृत्त झालेले. त्यांना पोस्टमनकाका आणि त्यांच्या बायकोला पोस्टमनकाकू असेच सगळे म्हणत. त्यांचा एकुलता एक मुलगा त्याच लढाईत मारला गेला होता. गावाबाहेरच्या टेकडीवर लढाईतल्या मृतांचे स्मारक आहे, तिथे वर्षातून एकदा सगळे जमतात आणि गेलेल्यांचे आईबाप पायऱ्या चढून फुले ठेवतात. काकू दर वर्षी एकट्या चढत. काका घरीच बसत. गुडघे दुखतात असे सांगत, आणि कुणी जास्त विचारत नसे.

त्या वर्षी काका म्हणाले, येतो. पण जाईन तर पोराची पँट घालून जाईन. मुलाने सुट्टीवर आला असताना हौसेने एक चांगली करडी पँट घेतली होती आणि एकदाच घातली होती. मुलगा उंच, काका बुटके. काकू ती पँट आणि काकांना घेऊन आमच्याकडे आल्या. दुसरीकडे कुठे न्यायची नाही, सैनिकाच्याच हातून लहान व्हावी, असे त्यांनी ठरवले होते. फौजींनी ती पँट दोन्ही हातांनी घेतली. काकांचे माप घेतले. त्या दिवशी त्यांनी माझे चाक इतके सावकाश फिरवले, की मला प्रत्येक टाका मोजता आला असता. पँट घरी गेली.

समारंभाला दोन दिवस उरले असताना काकू एकट्याच परत आल्या. दुकानात पाववाला होता, न्हावी होता, फौजींची बायको काउंटरपाशी बटणे निवडत होती. काकूंनी पँट टेबलावर पसरली आणि म्हणाल्या, "लांब झालीय. दोन बोटं."

पाववाला काकूंना डोळ्यांनी खुणावू लागला. न्हावी म्हणाला की काकू, घरी जरा दुमडली तर काही दिसायचे नाही. काकू म्हणाल्या, "पोराची पँट आहे. तो दुमडून घालत नव्हता. आणि यांना पायऱ्या चढायच्यात, पायात आली तर तोंडावर पडतील."

फौजी हसले. ते म्हणाले की काकू, तुमच्या मोजण्यात काही गडबड असेल, इतक्या जणांच्या पँटी शिवल्या, एकाचीही तक्रार नाही. काकूंनी फक्त पाववाल्याच्या पायांकडे बोट दाखवले. तो घाईत आत आला होता आणि उलगडायला विसरला होता. फौजी काउंटरच्या बाहेर आले. त्यांनी पाववाल्याचे पाय पाहिले, मग न्हाव्याचे पाहिले. मग बायकोकडे पाहिले, आणि तिने मान खाली घातली. एवढ्यावरून त्यांना सगळे समजले.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी सगळ्यांना शांतपणे बाहेर जायला सांगितले, माझ्यावर झाकण घातले आणि म्हणाले, "दुकान बंद. मला वाटलं होतं मी शिंपी झालो. तुम्ही सगळे मिळून मला भीक घालत होता."

झाकणाखाली मला काही दिसत नव्हते, पण ऐकू सगळे येत होते. पाववाला आणि न्हावी गेले. बायको हुंदके देत म्हणाली की तुम्ही हसायला लागला होतात, ते मला मोडवलं नाही. आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला. काकू गेल्या नव्हत्या. त्या बसल्या होत्या.

"भीक नव्हे रे," त्या म्हणाल्या. "माया आहे लोकांना तुझी. कशी दाखवायची ते कळत नाही, म्हणून गप्प बसतात. पण मी नाही गप्प बसणार. ऐक. माझ्या पोराला सगळे फुलं वाहतात, नमस्कार करतात. चांगलंच करतात. पण त्याला आता कुणी म्हणू शकत नाही, की तुझं हे चुकलं, नीट कर. मी त्याची आई, मलासुद्धा म्हणता येत नाही. फार वाटतं रे, एकदा तरी त्याच्यावर ओरडावं. दारातच चपला टाकल्यास म्हणून, जेवायला उशीर केलास म्हणून. तू जिवंत परत आलायस. तुझी फुलं वाहायची वेळ झालेली नाही. तू तक्रारी ऐकून घ्यायच्या."

मग माझे झाकण निघाले. फौजींचे डोळे लाल होते. त्यांनी काकांची पँट उचलली, टेपने मोजली, मग लिहून ठेवलेले माप पाहिले. दोन्ही सारखे होते. म्हणजे शिवण चुकले नव्हते, माप चुकले होते. बायकोने डोळे पुसले आणि म्हणाली, "माझं घ्या बरं माप. रोज घेता तसंच घ्या."

ती उभी राहिली. आता लक्ष देऊन ऐका. सगळे शिंपी लांबीचे माप घेताना गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघ्यावर बसतात. फौजींना बसता येत नसे. लाकडी पाय वाकला तरी पुन्हा उठताना हाल होत, आणि गिऱ्हाइकाने हात देऊन उठवावे हे त्यांना खपत नसे. म्हणून त्यांनी आपली एक रीत काढली होती. टेप कमरेपासून खाली सोडायची, तिचे टोक लाकडी पायाच्या बुटाने जमिनीवर दाबायचे, आणि वर कमरेपाशी आकडा वाचायचा. एकदम झटपट काम. लोकांना त्याचे कौतुकही वाटे.

"आता पाय हलवू नका," बायको म्हणाली आणि स्वतः खाली बसली. बुटाच्या पुढच्या टोकापाशी, टेप जिथे जमिनीला टेकली होती, तिथे तिने खडूची खूण केली. मग बूट उचलायला लावला. टेपचे टोक खुणेपासून दोन बोटे आत, तळव्याखाली होते. चांगल्या पायाला टेप आत सरकल्याचे लगेच कळले असते. लाकडी पायाला कळत नव्हते, आणि तो प्रत्येक माणसाच्या मापात आपली दोन बोटे इमानेइतबारे मिळवत होता.

फौजी त्या खुणेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चूक माझी नाही. या पायाची आहे."

"पाय कुणाचा आहे?" काकूंनी विचारले.

"माझाच," फौजी म्हणाले, आणि त्यांना हसू फुटले. बायकोलाही फुटले. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की हसणे झाले असेल तर पँट करा, परवा समारंभ आहे.

मी माझ्या आयुष्यात अनेक टिपा मारल्या, पण त्या संध्याकाळची टीप मला अजून आठवते. पट्टी उसवली, कापड सारखे केले, नव्याने दुमडले आणि आम्ही दोघांनी ती शिवून काढली. माझा आवाजसुद्धा वेगळा येत होता. काकूंनी पँट उचलून कड निरखली, घडी केली आणि 'आता झाली' एवढेच म्हणून निघून गेल्या. फौजी त्या दोन शब्दांवर रात्रभर खूश होते.

समारंभ मी पाहिला नाही, मला टेकडीवर कोण नेणार? पण तो संपल्यावर सगळे आमच्या दुकानात आले. काकूंनी सांगितले की काका न अडखळता वरपर्यंत चढले. वर पोचल्यावर मुलाच्या नावावरून बोट फिरवले, फुले ठेवली, आणि उतरताना कुणाचा हात धरला नाही. काका स्वतः दारातच उभे होते, करडी पँट घालून. पँटीची कड बुटावर अगदी हवी तशी टेकली होती. फौजींनी कधी नव्हे ते त्यांच्या पायांकडे निरखून पाहिले आणि विचारले, "काका, काही तक्रार?"

काका फार कमी बोलणारे. त्यांनी खिशात हात घातला आणि म्हणाले, "खिसे खोल आहेत. त्याचे हात मोठे होते. माझा हात तळाला पोचत नाही."

"कमी करून देऊ?"

"नको," काका म्हणाले. "असू दे तसेच."

त्यांनी हात खिशातच ठेवला. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले आणि तोंड फिरवून माझ्या खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडले तर दारात रांग. पाववाला, न्हावी, हेडमास्तर, सगळे आपापल्या पँटी काखेत मारून आलेले. फौजी काउंटरवर हात आपटून म्हणाले, इतके दिवस तोंडाला टाके घातले होते का? लोक एकमेकांना कोपराने ढोसत हसत होते. एकदा तोंड उघडल्यावर मात्र त्यांना आवरणे कठीण झाले. पाववाल्याला कमर सैल वाटू लागली, न्हाव्याला बटणे नको त्या रंगाची वाटू लागली, आणि हेडमास्तरांनी तर कॉलरबद्दल असे व्याख्यान दिले, की फौजींनी त्यांना शेवटी बसायला खुर्ची दिली. शेजारच्या सुताराने एक उंच लाकडी चौथरा करून आणला. गिऱ्हाईक त्यावर उभे राहायचे आणि फौजी उभ्याउभ्याच त्याच्या टाचेपर्यंत नीट माप घ्यायचे. पाववाला त्यावर चढून छाती काढून उभा राहिला आणि म्हणाला की आता पुतळा मी, आणि तुम्ही शिंपी.

त्यानंतर आमच्या दुकानाने चांगले दिवस पाहिले. पँटीसाठी लोक दुसऱ्या वस्त्यांतून येऊ लागले, आणि त्यांना फौजींच्या पायाची हकिकत ठाऊकही नसे. फौजींना ते फार आवडे. पुढे विजेची मशीन आली, माझ्या शेजारी एक चकचकीत धाकटे भावंड येऊन बसले, आणि काही वर्षे मी कोपऱ्यात धूळ खात पडले. माझ्यावर कापडाचे तागे ठेवत. एकदा तर छत्रीही. मी रुसले होते, खोटे कशाला बोलू. पण मग इस्पितळातून एक नवा सैनिक काम शिकायला आला. चांगला मिशाळ माणूस, उजव्या हाताची तीन बोटे गेलेला. विजेचे मशीन त्याच्या हातात धावत सुटे. फौजींनी माझ्यावरचे तागे उचलले, मला तेल घातले, नवा पट्टा लावला, आणि त्याला म्हणाले, "हे घे. हे तुझ्या चालीनं चालेल."

परवा त्याने शिवलेला शर्ट न्यायला एक बाई आल्या. त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिले, शर्टाकडे पाहिले, छान आहे, छान आहे म्हणाल्या आणि घाईघाईने निघाल्या. फौजी दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, बाई, बटण लावून दाखवा. बाईंनी खटपट केली. काज लहान होते, बटण जाईना. त्यांचा चेहरा गोरामोरा झाला आणि त्यांनी कबूल केले. मिशाळ सैनिकाचा चेहराही उतरला. पण त्याने शर्ट परत घेतला, उरलेल्या बोटांत ब्लेड धरले आणि काज उसवायला बसला. बाई खुर्चीवर बसून वाट पाहू लागल्या. त्याने नवे काज केले, बटण सुळकन गेले, आणि बाईंच्या तोंडून जे 'छान' निघाले ते ऐकून तो मान वर करून हसला. मी त्याला तसा हसताना त्याआधी पाहिले नव्हते.

मित्रांनो, मी लोखंडाचे आहे, मला काय हवे असते? तेलाचे काही थेंब, धूळ पुसणारा हात, आणि अंगावर छत्री ठेवू नये एवढेच. तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याची तेवढी काळजी घ्या. पण ज्यांनी तुमच्यासाठी पाय दिला, हात दिला, डोळे दिले, त्यांना याहून जास्त द्या. जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी टेकडीवर फुले घेऊन जा, आणि तिथे थोडा वेळ गप्प उभे राहा. जे परत आले त्यांच्यापुढे मात्र गप्प राहू नका. त्यांना नमस्कार करा, आणि मग त्यांच्याकडे काम घेऊन जा. काम चांगले झाले तर मनापासून चांगले म्हणा. चुकले तर समोर बसून सांगा आणि नीट होईपर्यंत थांबा. त्यांना वाट पाहणारे गिऱ्हाईक हवे असते.

पोस्टमनकाकू आता बऱ्याच थकल्या आहेत. काठी टेकत येतात. त्यांच्याकडे शिवायला काही नसते, तरी आठवड्यातून एकदा येतात आणि खुर्चीवर बसून फौजींना बोलतात. केस वाढले आहेत, कापत का नाहीस. वेळेवर जेवत जा. बायकोशी असा चढ्या आवाजात बोलू नकोस. फौजींचे स्वतःचे केस पिकायला आले आहेत, पण ते काम थांबवून, मान खाली घालून, सगळे ऐकून घेतात आणि म्हणतात, "हो काकू, चुकलं. पुन्हा नाही होणार." मग काकू समाधानाने उठतात आणि काठी टेकत घरी जातात.